अवघड जागेचे शब्द

जत तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या, मूळच्या विदर्भातल्या डॉक्टर मॅडमनी विचारलंय: “पेशंट बोलतात त्यातलं अर्धं मला कळत नाही. हे शब्द आले कुठून? यातले शिवीचे कुठले आणि साधे कुठले? मूळ मराठी सोज्वळच होती, असले शब्द हिंदी-उर्दूतून घुसले, असं सहकारी सांगतात, ते खरं का? आणि मी स्वतः कोणते शब्द वापरावेत?”

मॅडम, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात आहे: नाही. मिरज-सांगलीत त्वचा आणि गुप्तरोगाची प्रॅक्टिस करता करता शब्दकोश चाळायचा नाद लागला, आणि ओपीडीत ऐकलेलं कोशात सापडायला लागलं. ज्यांना आपण घाणेरडे म्हणतो ते शब्द बहुतेक घरचेच, संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत झिजत आलेले. आणि ज्यांना सभ्य म्हणतो, म्हणजे योनी, लिंग, स्तन, संभोग, ते नंतर पोथीतून जसेच्या तसे उचलून आणलेले. तोंडातोंडी फिरून ज्यांचा आकार बदलला ते शिवीत जमा झाले, आणि पोथीत बसून राहिले ते केसपेपरवर आले. हिंदी-फारसीची भर आहेच, पण पाया आपला आहे.

सर्वांत मोठ्या शिवीपासूनच सुरुवात करू. शब्द पूर्ण लिहितोय, टिंबं देऊन व्युत्पत्ती सांगता येत नाही. ‘झवणे’. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात ‘यभ मैथुने’ असा धातू दिलेला आहे. अथर्ववेदाच्या कुंताप सूक्तांत त्याचं रूप उघडपणे येतं. सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ होणं हे आपल्याकडचं नेहमीचं: ‘या’चं ‘जाणं’ झालं, ‘यंत्र’चं ‘जातं’ झालं. ‘भ’मधला हकार उडी मारून सुरुवातीच्या ‘ज’वर बसला, त्याचा ‘झ’ झाला, आणि मागे ‘व’ उरला. झाला शब्द तयार. रशियन माणूस आजही याच मुळातली शिवी देतो, आणि जुन्या ग्रीकमध्येही त्याचा भाऊबंद आहे. म्हणजे हा शब्द भारतातल्या कुठल्याही सुलतानाहून, किंबहुना ‘मराठी’ या नावाहूनही कितीतरी जुना.

आता त्याच क्रियेचे सभ्य शब्द बघा. ‘संभोग’ म्हणजे सोबतीने उपभोग घेणं. ज्या ‘भुज्’ धातूपासून तो आला त्याच्यापासूनच ‘भोजन’ आलं. ‘मैथुन’ हे ‘मिथुन’वरून, म्हणजे जोडपं, राशीतलं मिथुन तेच. ‘समागम’ म्हणजे नुसतं एकत्र येणं. सगळे सुरेख शब्द, पण तुमच्या ओपीडीत यातला एकही ऐकू येणार नाही. तिथे बाई म्हणते, “मालक जवळ आलं की आग हुती.” पुरुष म्हणतो, “संबंध जमत नाही.” फार तर “आमी दोन महिनं एकत्र न्हाय.” गंमत अशी की ‘समागम’चा अर्थही हाच, एकत्र येणं. मराठी बाईने संस्कृत न शिकता तोच आडपडदा स्वतः शिवलाय.

‘थान’ हा शब्द घ्या. संस्कृत ‘स्तन’, प्राकृतात ‘थण’, मराठीत ‘थान’. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांत ‘थण’ हा शब्द किती लाडाने येतो! आज ‘थान’ म्हटलं की शहरातली मुलगी कानावर हात ठेवते, पण वाळव्यातली एखादी म्हातारी सुईण नव्या आईला सहज सांगते, “थानाला लाव त्याला.” त्यातली ‘स्तन’वाली सभ्यता अलीकडची आहे. आणि बहुतेक बायका दोन्ही टाळून ‘छाती’ किंवा ‘अंग’ म्हणतात. ‘अंगावर पाजणं’ म्हणजे स्तनपान.

उलट प्रवास केलेला एक शब्द मला फार आवडतो. ऋग्वेदात ‘शेप’ म्हणजे पुरुषाचं इंद्रिय, आणि शेपूटही. प्राकृतात त्याचं ‘छेप्प’ झालं आणि अर्थ शेपटीपुरता उरला; मराठीत ‘शेप’, ‘शेपूट’. म्हणजे वेदात अवघड जागेचा असलेला शब्द आज बालवाडीच्या गाण्यात माकडाला लावतो. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाची गोष्ट आहे. त्याच्या भावांची नावं शुनःपुच्छ आणि शुनोलांगूल. तिन्हींचा अर्थ कुत्र्याचं शेपूट. बापाला मुलांची नावं ठेवायला दुसरं काही सुचलं नाही, असं दिसतं. लॅटिनमध्येही ‘पेनिस’चा मूळ अर्थ शेपूटच होता, आणि ‘व्हजायना’ म्हणजे तलवारीचं म्यान. आपण ॲनाटॉमीत ज्यांना शास्त्रीय नावं म्हणून पाठ केलं ती एकेकाळची रोमन टोपणनावं. आपलं ‘लिंग’ तरी काय, मुळात नुसती ‘खूण’; आणि ‘योनी’ म्हणजे उगमाची जागा, म्हणून चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा. रोजच्या बोलण्यातला ‘लवडा’सुद्धा ‘लकुट’, म्हणजे दांडकं, प्राकृतात ‘लउड’, यावरून आला. नाव न घेता वस्तू दाखवायची, मग ते दाखवणंच नाव होऊन बसायचं, मग ते नाव लाजेचं व्हायचं, मग नवं काहीतरी दाखवायचं. हे चक्र दोन-तीन हजार वर्षं फिरतंय.

बायकांच्या बोलण्याकडे येतो, तुमचं रोजचं काम तिथे आहे. ‘अंग’ या एका शब्दावर अर्धी स्त्रीरोग ओपीडी चालते. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे स्राव. पांढरं की लाल हे विचारून घ्या. ‘धुपणी’ म्हणाली तर पांढरा स्राव. ‘अंग बाहेर आलंय’ म्हणजे गर्भाशय खाली सरकलंय. ‘पिशवी’ म्हणजे गर्भाशय. ‘पिशवी काढली’ म्हणजे हिस्टरेक्टमी, आणि ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या बायकांत हा शब्द इतक्या कमी वयात ऐकू येतो की कारण आणि कागद विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘पिशवी धुतली’, ‘खाली केलं’, ‘पोट पाडलं’ ही तिन्ही गर्भपाताची नावं. पहिलं दवाखान्यातून शिकलेलं, शेवटचं सासूच्या तोंडचं. त्या क्रमाने त्यातला दोष वाढत जातो, हे कानाला जाणवेल.

पाळीची नावं मोजू नयेत इतकी. ‘पाळी’ हे स्वतःच सौम्य, नुसतं ‘खेप’ सांगणारं. ‘पदर आला’, ‘न्हाण आलं’, ‘शहाणी झाली’ ही पहिल्या पाळीची. जुन्या घरांत त्या वेळी मखरात बसवून सोहळा व्हायचा, लपवाछपवी नव्हती. ‘कावळा शिवला’ हे लेकरांना द्यायचं उत्तर: आई वेगळी का बसलीय, तर तिला कावळा शिवलाय. ‘विटाळ’ हा मात्र निर्मळ शब्द नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने अपभ्रंशाच्या व्याकरणात ‘विट्टाल’ दिला, त्याचा अर्थच ‘अस्पृश्याचा संसर्ग’. म्हणजे जातीची शिवाशिव आणि पाळीची शिवाशिव एकाच शब्दात कोंबलेली. संत सोयराबाईंनी आपल्या अभंगांतून या शब्दालाच जाब विचारला, कारण त्यांना तो दोन्हीकडून लागत होता. तुम्ही तो पेशंटच्या तोंडून ऐका, स्वतः वापरू नका. शाळा-कॉलेजच्या मुली हल्ली ‘पिरियड’ किंवा ‘डेट’ म्हणतात, आणि त्यांच्या आया ‘एमसी’. इंग्रजी असल्यामुळे ‘एमसी’ला विटाळ चिकटलेला नाही, म्हणून तो गावोगाव टिकला.

जतमध्ये तुम्हाला निम्मे पेशंट कन्नड बोलणारे भेटतील, तिथे एक मजा बघा. कन्नडमध्ये पाळीला ‘मुट्टु’ म्हणतात, आणि ‘मुट्टु’ म्हणजे शिवणं. ‘होरगे’ म्हणजे बाहेर, त्यावरूनही पाळीचे शब्द बनतात. आपल्याकडे शिवायचं नाही आणि ‘बाहेर बसली’, तिकडेही तेच. भाषा दोन, कुळं दोन, पण अंगण एकच असल्यामुळे शब्दांचा साचा एक. कोणी कोणाकडून घेतला हे शोधत बसण्यात अर्थ नाही.

पण ‘बाहेर’ या शब्दाबद्दल सावध करतो. “ती बाहेर हाय” म्हणजे पाळी आलीय. “तिला बाहेरचं झालंय” म्हणजे भूतबाधा, करणी, आणि त्यामागे पुष्कळदा डिप्रेशन किंवा फिट. “त्याची बाहेरची हाय” म्हणजे लग्नाबाहेरची बाई. ‘बाहेरख्याली’ त्यातलाच, त्यात अरबी-फारसीतून आलेला ‘ख्याल’ मिसळलेला. सासू घाईत बोलली आणि तुम्ही चुकीचं ‘बाहेर’ धरलंत तर हिस्ट्री भलतीकडे जाईल.

गरोदरपणाचे शब्द मात्र गोड आहेत. ‘दिवस गेले’ हे माझ्या मते मराठीतलं सर्वांत नेटकं निदान: पाळीचे दिवस येऊन कोरडेच गेले. ‘पोटुशी’, ‘दोन जिवांची’. जनावराला मात्र ‘गाभण’. मूळ शब्द ‘गर्भिणी’, प्राकृतात ‘गब्भिणी’. त्याच ‘गर्भ’चा ‘गाभा’ आणि देवळाचा ‘गाभारा’. देवाची जागा आणि गोठ्यातली म्हैस एका मुळाची, फक्त बाईला तो शब्द लावला की अपमान. आणि ‘वांझ’ हा थेट ‘वंध्या’चा वारस. तो इतका धारदार आहे की बाईच्या समोर उच्चारू नये. “मूल राहत नाही” एवढं पुरतं.

सातारा-सांगलीत गोठा आणि ऊस यांच्याशिवाय कुठलाच विषय पूर्ण होत नाही, हाही नाही. ‘माज’ घ्या. म्हैस माजावर येते, म्हणजे तिला रेडा दाखवायची वेळ झाली. संस्कृत ‘माद्यति’, प्राकृत ‘मज्जइ’, मराठी ‘माजणे’. आता पुढारी एकमेकांना “माज उतरवू” म्हणतात तेव्हा भर सभेत ते पशुवैद्यकाची भाषा बोलत असतात. ‘मस्त’ फारसी, मूळ अर्थ धुंद, मदात आलेला. हत्ती मस्तात येतो तेच. आता “जेवण मस्त झालं.” आणि ‘खच्ची’! अरबीत ‘खसी’ म्हणजे अंड काढलेला. आपल्याकडे बैल खच्ची करायचे. वर्तमानपत्रात ‘पोलिसांच्या मनोबलाचे खच्चीकरण’ असा मथळा येतो, तेव्हा संपादकांना आपण काय छापलंय याची कल्पना असते का, ही मला कायम शंका.

‘कडू बेणं’ ही आपल्या पट्ट्यातली खास शिवी. बेणं म्हणजे लागणीचं उसाचं कांडं. ‘कडू’चा जुना अर्थ अनौरस: घरात ‘गोड’ लेकरं लग्नाच्या बायकोची, ‘कडू’ बाकीची. म्हणजे शिवीचा अर्थ ‘लागणच खोटी’. बाई शेत आणि पुरुष बी, ही कल्पना मनुस्मृतीत ‘क्षेत्र’ आणि ‘बीज’ या शब्दांत मांडलेली आहे. कृष्णाकाठी तिला उसाचं पान फुटलं, एवढंच. आता ही शिवी मित्र मित्राला प्रेमाने घालतो. साताऱ्याच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातल्या कागदांत अशा मुलांना ‘लेकावळा’, त्यांच्या आयांना ‘कुणबीण’ किंवा ‘नाटकशाळा’ म्हटलेलं आढळतं. ‘नाटकशाळा’ म्हणजे इमारत नव्हे, ठेवलेली बाई. इतिहास वाचताना पुष्कळ जण इथे अडखळतात.

शिव्यांकडे आलोच आहोत, तर पैशाच्या एका शब्दाकडे बघा. संस्कृतात ‘भाटि’ म्हणजे मजुरी, आणि विशेष करून वेश्येची कमाई. तिचंच भावंड ‘भाटक’, त्याचं मराठीत ‘भाडं’. घरभाडं, गाडीभाडं सगळं चालतं. पण ‘भाड’ खाणारा तो ‘भाडखाऊ’, आणि त्याचाच ‘भाड्या’. शेवटचा मात्र एकदम शिवी.

‘रांड’ हे संस्कृत ‘रंडा’. विधवा आणि वेश्या दोघींना एकच शब्द. ‘रंडकी’, ‘रांडाव’ हे विधवेचेच. नवरा मेलेली बाई आणि विकत मिळणारी बाई यांच्यात समाजाने फरक केला नाही, ही हकीकत त्या दोन अक्षरांत आहे. ‘शिंदळ’ त्याहून बोलका. प्राकृतात ‘छिण्णाल’ हा शब्द परस्त्रीकडे जाणाऱ्या पुरुषालाही लागायचा. प्राकृतातला ‘छ’ मराठीत ‘स’ किंवा ‘श’ होतो. ‘छुरी’ची ‘सुरी’ झाली, ‘मच्छ’चा ‘मासा’. तसं ‘छिण्णाल’चं ‘शिंदळ’ झालं, आणि वाटेत पुरुष त्यातून सुटला. ‘छिनाल’ तोच शब्द, पण ‘छ’ शाबूत आहे म्हणजे तो हिंदी-गुजरातीच्या वाटेने परत आलेला पाहुणा. तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं ते असं, थोडंसं.

‘आयला’, ‘मायला’, ‘च्यायला’ यांना तर कुणी शिवी समजतच नाही. मूळ वाक्य ‘तुझ्या आयला’, ‘त्याच्या आयला’ असं होतं आणि त्याला एक क्रियापद होतं. क्रियापद गळालं, सुरुवातीच्या शब्दातला फक्त ‘च्या’सारखा आवाज उरला, आणि आता कीर्तनकारही सहज “च्यायला” म्हणून जातात. शहरी पोरं ‘भेंडी’ म्हणतात, तीही एका हिंदी शिवीचं पहिलं अक्षर उच्चारून भाजीवर वळलेली गाडी. सुशिक्षितांचा लाडका ‘शष्प’ बघा: “त्याला शष्प कळत नाही.” संस्कृतात शष्प म्हणजे कोवळं गवत. त्याचा गावठी जोडीदार ‘झाट’. संस्कृत कोशांत ‘झाट’ म्हणजे झाडोरा, झुडूप. दोघांचा अर्थ आज तोच केस. पण गवतवाला प्राध्यापकाच्या तोंडी आणि झुडूपवाला रिक्षावाल्याच्या, म्हणून एक विनोद आणि दुसरी शिवी. कोण बोलतंय यावरच शब्दाची जात ठरते.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्युत्पत्त्यांवर विश्वास ठेवू नका. ‘चुत्या’ हा ‘च्युत’, म्हणजे पतित, यावरून आला असं सांगून लोक तो ‘च्युतिया’ लिहितात. त्या शब्दाच्या पोटात अवयवाचंच नाव आहे, पतनाचा संबंध नाही. शिवाय कालिदासाच्या नाटकात ‘चूत’ म्हणजे आंब्याचं झाड, त्यामुळे संस्कृतच्या तासाला मागच्या बाकावर खसखस पिकते ती वेगळीच.

शिव्या केवळ पुरुषांच्या, असंही समजू नका. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. वाजतगाजत होतो, बघायला गर्दी जमते, आणि बार झाला की सगळ्या घरी. वर्षभर ‘अंग’ आणि ‘बाहेर’ म्हणून भागवणाऱ्या बायकांना हे शब्द येतात सगळे, एवढं त्यावरून ध्यानात ठेवा.

आता माझ्या खास प्रांतात, रोगांच्या नावांत. इथे शब्द नुसते गंमत राहत नाहीत, ते माणसाला आजारी पाडतात.

‘गरमी’ म्हणजे सिफिलिस. सोळाव्या शतकात ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला ‘फिरंग रोग’ म्हटलंय, कारण तो पोर्तुगिजांबरोबर आला. फिरंगी निघून गेले, नाव पुस्तकात राहिलं. लोकांनी मात्र बाहेरून आलेल्या रोगाला घरचं कारण चिकटवलं, अंगातली उष्णता. त्याचा परिणाम असा की आजही चट्टे आलेला माणूस आधी सब्जा आणि ताक पिऊन बघतो. ‘परमा’ म्हणजे गोनोरिया. आयुर्वेदातला ‘प्रमेह’ झिजून परमा झाला. ‘गोनोरिया’ या ग्रीक नावाचा अर्थ बीज वाहणं. पू हे वीर्य आहे असा त्या काळच्या वैद्यांचा समज. जांघेतली गाठ ती ‘बद’. ‘परमा’ आणि ‘बद’ हे शब्द म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलेत, पण उरलेत तोवर माहीत हवेत.

सगळ्यात त्रास देणारा शब्द ‘धातू’. “लघवीतनं धातू जातोय, डॉक्टर. कंबर गेली, डोळं आत गेलं.” तपासलं तर काही नसतं. लघवी गढूळ असते फॉस्फेटमुळे, नाहीतर पोराला रात्री स्वप्नात वीर्यपात झालेला असतो, जो त्या वयात व्हायचाच. या भीतीचं मूळ शब्दांत आहे. आयुर्वेदात सात धातू: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र. शुक्र हा सगळ्यांचा अर्क, म्हणून रक्ताच्या इतक्या थेंबांचा एक थेंब वगैरे हिशोब जन्मले. ‘शुक्र’चा मूळ अर्थ तेजस्वी, आकाशातला शुक्र तोच. ‘वीर्य’ हे ‘वीर’वरून, म्हणजे पराक्रम. आता ज्या द्रवाचं नावच पराक्रम आहे, तो अंथरुणात सांडला तर पोरगं घाबरणार नाही तर काय? त्यात पुन्हा ‘स्वप्नदोष’. दोष! शरीराच्या साध्या कामाला आरोपाचं नाव. ‘शीघ्रपतन’मध्येही ‘पतन’ आलंच. १९६० साली डॉ. नरेंद्र विग यांनी या लक्षणसमूहाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं आणि जगाच्या मानसोपचाराच्या पुस्तकांत आपला शब्द गेला. एसटी स्टँडच्या मुतारीत ‘नामर्दी, धातू, कमजोरी, खात्रीशीर इलाज’ अशी पत्रकं चिकटवणाऱ्यांना मात्र तो कधीच ठाऊक होता. ‘नामर्द’ आणि ‘कमजोर’ दोन्ही फारसी, आणि दोन्ही पैसे उकळायला संस्कृत ‘दोषा’इतकेच उपयोगी. माझ्याकडे आलेल्या पोराला मी आधी गोळी देत नाही, शब्द बदलून देतो: “हे पाणी रोज नवं तयार होतं, साठवायची टाकी नाही ती.” निम्म्यांची कंबर तिथेच सरळ होते.

गेल्या शंभर वर्षांत मराठीने या विषयासाठी नवे शब्द घडवले, तेही थोडक्यात सांगतो. ‘संततिनियमन’, ‘लैंगिक’ असे शब्द रुजवण्यात र. धों. कर्व्यांचा मोठा वाटा. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. सरकारी ‘निरोध’ १९६८चा. संस्कृत शब्द, पण खेड्यात तो इतका मुरला की कुठल्याही कंपनीचा कंडोम आजही निरोधच, आणि लाजायचं असेल तर ‘फुगा’. माझ्या मते या सगळ्यात सर्वोत्तम शब्द कुठल्या समितीने केलेला नाही: कॉपर-टीची ‘तांबी’. तांबं आहे म्हणून तांबी. छोटी, घरगुती, भांड्याच्या नावाची. लाजायला जागाच नाही. “तांबी बसवलीय” हे सासूसमोरही म्हणता येतं.

आणि सांगलीत राहून हे सांगायलाच हवं की इथे धंदा करणाऱ्या बायकांनी १९९६मध्ये स्वतःची संघटना उभी केली, तिचं नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. ‘वेश’ म्हणजे वस्ती, गणिकांचं घर, त्यावरून वेश्या. सभ्य पर्याय हाताशी असताना त्यांनी तोच शब्द पाटीवर लिहिला. त्यांच्यातली एखादी तुमच्याकडे आली आणि ‘मालक’ म्हणाली, तर लग्नाचा नवरा धरू नका. तो कायमचा जोडीदार असू शकतो, आणि एचआयव्हीच्या तपासणीत त्याला बोलवायचं असेल तर हा फरक कळायला हवा. ‘गिऱ्हाईक’ वेगळं, त्याच्याबरोबर निरोध असतो, मालकाबरोबर पुष्कळदा नसतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर, कोणते शब्द वापरावेत. पेशंटचा शब्द आधी ऐका, आणि तो शिवी नसेल तर तोच परत वापरा. तिने ‘अंग’ म्हटलं तर तुम्हीही ‘अंग’ म्हणा, पण एकदा हाताने किंवा चित्रावर जागा नक्की करून घ्या. ‘योनिमार्ग’, ‘संभोग’ म्हटलंत तर ती मान डोलावेल आणि काही कळणार नाही. मान डोलावणं हे आपल्याकडे समजल्याचं लक्षण नाही. पुरुष बहुतेक वेळा ‘तिथं’ म्हणून थांबतो, तेव्हा तुम्हीच “लघवीच्या जागी का?” म्हणून वाट मोकळी करून द्या. तुम्ही बाई आहात म्हणून तो आणखी अडखळेल. ‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण उगाच नाही. अशा वेळी कंपाउंडर किंवा पुरुष आरोग्यसेवकाला आधी बोलू द्या. पेशंट चिडून किंवा सवयीने शिवीचाच शब्द वापरत असेल तर दचकू नका, दुरुस्तही करू नका. दुरुस्त केलंत की पुढचं तो गिळतो. केसपेपरवर मात्र दोन्ही लिहा: अवतरणचिन्हांत त्याचे शब्द, पुढे तुमचं वैद्यकीय नाव. “धातू जातो” एवढंच लिहिलेला कागद मिरजेला आमच्याकडे रेफर होऊन आला की आम्हाला पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागतं.